बेडी उघडायला शिकताना



मुलांचे छंद म्हटले की चित्रकला, बुद्धिबळ, पोस्टाची तिकिटे, फार तर पेटी-तबला एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आज मी ज्या छंदाबद्दल लिहिणार आहे तो ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्याही पडल्या होत्या. हा छंद आहे हातकडी उघडण्याचा. पोलिसांकडे असते तशी लोखंडी बेडी विकत आणायची, आपल्याच मनगटात अडकवायची आणि किल्लीशिवाय सोडवून दाखवायची.

आमच्या घरी हे खूळ आणले आमच्या थोरल्या कन्येने. दहावीची परीक्षा देऊन ती रिकामी होती. एके दिवशी मोबाईलवर कोणा परदेशी जादूगाराचा खेळ पाहिला आणि मागे लागली, "पप्पा, मला हे शिकायचंय." मी म्हटले, टायपिंग शीक, टॅली शीक, संगणकाचा कोर्स लाव. ती म्हणाली, "ते सगळं शिकते, पण हे पण." शेवटी साडेचारशे रुपयांची एक बेडी पार्सलने घरी आली. दोन किल्ल्यांसह. मी ती लगेच एका बुटाच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवली आणि तिला बजावले, "हे तात्यांच्या नजरेस पडता कामा नये."

त्याचे कारण सांगितले पाहिजे.

तात्या म्हणजे माझे चुलते. ते आमच्याजवळच राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी शाहूपुरीत हमाली केली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली ही पेठ. गुळाच्या व्यापाराने तिचे नाव दूरवर नेले, त्या गुळाचे किती रवे तात्यांच्या पाठीवरून चढले-उतरले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १९८६ साली ते ज्या गोदामात कामाला होते तेथे एके दिवशी चाळीस रवे कमी भरले. संशय हमालांवर आला, आणि हमालांतही तात्यांवर. मी तेव्हा दुसरीत होतो. शाळेतून येताना मी पाहिले, दोन शिपाई, मध्ये तात्या, हातात बेडी, बेडीला दोरखंड, आणि दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसे. तात्यांनी मला पाहिले आणि मान दुसरीकडे वळविली. चौथ्या दिवशी कळले की ते चाळीस रवे दुसऱ्या ट्रकमधून रवाना झाले होते आणि दिवाणजींनी वहीत नोंदच केली नव्हती. मी पुढे बी.कॉम. झालो, आजही कार्यालयात नोंदीच तपासतो. एक ओळ लिहायची राहिली तर काय होते हे मला पुस्तकात शिकावे लागले नाही.

तात्यांना सोडले. पण पेठेने जे पाहायचे ते पाहिले होते. त्यानंतर तात्यांनी मनगटात घड्याळ कधी घातले नाही. माझ्या लग्नात सासरच्या मंडळींनी मानाचे घड्याळ दिले तेही त्यांनी खिशातच ठेवले.

तर अशा घरात बेडी आली. आता मुलीचा छंद मोडायचा की चालू द्यायचा? मी आधी माहिती काढायचे ठरविले. कारकुनाची सवय, दुसरे काय.

या विद्येतले सर्वांत मोठे नाव हॅरी हुडिनी याचे. जन्म १८७४ साली बुडापेस्टला, एका गरीब ज्यू धर्मगुरूच्या घरी. घरचे नाव वेगळेच, हुडिनी हे रंगमंचावरचे नाव. कुटुंब पोटासाठी अमेरिकेत गेले. पोराने लहानपणापासून कामे केली, न्यूयॉर्कला नेकटायच्या कारखान्यात राबला. पुढे गावोगावच्या पोलीस ठाण्यांत जाऊन, तुमच्याकडची कोणतीही बेडी मला घाला, मी सुटून दाखवितो, असे आव्हान देऊ लागला आणि जगभर गाजला. १७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिप्पोड्रोम थिएटरात 'डेली मिरर' या वृत्तपत्राने खास बनविलेली बेडी त्याला घातली. बर्मिंगहॅमच्या एका कारागिराने ती पाच वर्षे खपून तयार केली होती म्हणतात. हुडिनीला ती सोडवायला एक तासाहून जास्त वेळ लागला. मध्येच त्याने अंगातला कोट काढता यावा म्हणून बेडी क्षणभर काढण्याची विनंती केली, ती नाकारली गेली, तेव्हा त्याने खिशातला चाकू दाताने उघडून अंगावरचा कोटच कापून टाकला. लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते.

हे सारे मुलीने मला डोळे विस्फारून सांगितले. मला मात्र त्याच्या आयुष्यातली दुसरी एक रात्र अधिक महत्त्वाची वाटते. १९०२ साली इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न गावी हॉजसन नावाच्या व्यायामशाळेच्या चालकाने त्याला स्वतःच्या बेड्या घातल्या. त्या बेड्यांत त्याने आधीच गडबड करून ठेवली होती आणि हात मागे घट्ट आवळले होते. हातातले रक्त थांबले आहे, बोटे बधिर झाली आहेत, क्षणभर सोडा, असे हुडिनी म्हणाला. हॉजसनने ऐकले नाही. हुडिनी सुटला, पण सुमारे दोन तासांनी, दंड सोललेले, कपडे फाटलेले. जगातल्या सर्वांत हुशार माणसाचीही ही गत होते, तेव्हा आपण कोण? दुसऱ्याने आणलेली, आपण न तपासलेली बेडी हातात घालायची नाही हा पहिला धडा मी तेथूनच घेतला.

(जाता जाता, हुडिनी पाण्याच्या पेटीत बुडून मेला असे पुष्कळ लोक समजतात. ते सिनेमाने पसरविलेले आहे. तो १९२६ साली अपेंडिक्स फुटून इस्पितळात वारला. शेवटच्या काही वर्षांत त्याने मृतात्म्यांशी बोलतो म्हणून पैसे उकळणाऱ्या भोंदूंची लबाडी उघडी पाडण्याचे काम केले. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव चमत्कारांमागची हातचलाखी करून दाखवीत आणि समजावून सांगत, त्याच जातीचे ते काम. मुलीला मी या वाटेने या छंदाकडे बघायला सांगितले आणि माझ्याही मनाचा विरोध तेथे थोडा सैल झाला.)

आता बेडीच्या पोटात काय असते ते सांगतो. माझा एक वर्गमित्र शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्याच्याकडे आम्ही बापलेक ती बेडी घेऊन गेलो. त्याने आधी माझ्याकडे नीट निरखून पाहिले. मग बेडी शेगड्यात धरली, एका कडीचे रिबिट ड्रिलने उडविले आणि वरची पट्टी बाजूला केली. आतला कारभार पाहून मी थक्क झालो, कारण त्यात थक्क होण्यासारखे काहीच नव्हते! आपल्या पेटीच्या कुलपात याहून जास्त भाग असतात.

बेडीची एक बाजू म्हणजे दोन समांतर पट्ट्या. दुसरी बाजू म्हणजे त्या पट्ट्यांमधून फिरणारा एक कमानदार हात, त्याच्या बाहेरच्या कडेला करवतीसारखे दाते. आत एक छोटा खटका असतो, त्यालाही उलटे दाते. मागून स्प्रिंग त्याला दाबून धरते. हात आत ढकलला की दाते खटक्यावरून टक् टक् करीत पुढे सरकतात, मागे मात्र येत नाहीत. रहाटाला मागे फिरू न देणारा अडसर असतो तसेच. किल्ली फिरविली की तिच्या टोकाचा इवलासा पत्रा खटक्याला उचलतो आणि हात मोकळा होतो. संपले! पूर्वीच्या इंग्रजी अमलातल्या 'डर्बी' पद्धतीच्या बेडीत तर हे दातेही नव्हते, एकाच मापाची कडी असे आणि किल्ली स्क्रूसारखी पिळून आत घालावी लागे. बारीक मनगटाला ती सैल, जाड मनगटाला आत जायची नाही. मनगटाप्रमाणे लहानमोठी होणाऱ्या दातेरी बेडीचे पेटंट अमेरिकेत १८६२ सालचे, आणि हात पूर्ण फिरून आरपार जाणाऱ्या आजच्या नमुन्याचे १९१२ सालचे. तेव्हापासून तिच्यात मूळचा फरक फारसा पडलेला नाही.

एक भाग मात्र मित्राने दोनदा दाखविला, आणि तो ज्याला समजला नाही त्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये. किल्लीच्या दुसऱ्या टोकाला खिळ्यासारखी एक टोची असते. बेडीच्या कडेला बारीक भोक असते. त्यात टोची दाबली की आतली एक पट्टी सरकून खटक्याच्या मागे बसते आणि खटका जागच्या जागी अडकतो. मग हात मागेही येत नाही आणि पुढेही सरकत नाही. याला दुहेरी कुलूप म्हणतात. लोकांना वाटते हे कैदी पळू नये म्हणून आहे. तेही आहेच, पण तेवढेच नाही. दुहेरी कुलूप घातले नाही तर मनगट कशालाही दाबले गेले, माणूस पडला, कोणी ओढले, की बेडी एक एक दात्याने आवळत जाते. ती सैल होत नाही, फक्त आवळते.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

रविवारची दुपार होती. सौ. महिला मंडळाच्या बैठकीला, मुलगी वाचनालयात. मला वाटले, पोरगी बघता बघता उघडते, आपण एकदा करून पाहावे. कपाटावरून खोके काढले, मोरीशेजारी स्टुलावर बसलो, किल्ली मोरीच्या कठड्यावर ठेवली आणि उजव्या मनगटात बेडी घातली. दुहेरी कुलूप घालायचे राहिले. हेअरपिन हातातून निसटली, ती उचलायला वाकलो आणि सारा भार त्या हातावर आला. टक्, टक्, टक्. तीन दाते. घाबरून डाव्या हाताने किल्ली घ्यायला गेलो तर धक्का लागून किल्ली मोरीत, आणि मोरीतून पाईपात.

दुसरी किल्ली मुलीच्या कंपासपेटीत, कंपासपेटी तिच्या पिशवीत, पिशवी वाचनालयात. फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, हात वर धरा, ओढाओढ करू नका, मी आले." येईपर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटे गेली असतील. अंगठ्याच्या पाठीमागे आधी मुंग्या आल्या, मग ती जागा आपली नसल्यासारखी झाली.

आणि तेवढ्यात तात्या आत आले.

माझ्या हातातली बेडी त्यांनी पाहिली. मी काहीतरी सांगू लागलो, खेळ आहे, पोरीचा छंद आहे. ते एक शब्द बोलले नाहीत. आतून पंचा ओला करून आणला आणि मनगटाच्या वर गुंडाळला. माझा कोपर धरून हात छातीच्या वर उचलून धरला आणि तसेच माझ्याशेजारी उभे राहिले. बेडीला त्यांनी बोट लावले नाही. मुलगी धापा टाकीत आली, किल्ली घातली, बेडी निघाली. तात्यांनी एवढेच विचारले, "ही घरात कुनी आनली?" आणि उत्तर न ऐकता बाहेर गेले. दोन दिवस ते आमच्याकडे जेवले नाहीत, भूक नाही म्हणून सांगत राहिले.

अंगठ्याचा बधिरपणा आठ दिवसांनीही गेला नाही तेव्हा ओळखीच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. खरे कारण सांगायला जीभ रेटेना, पण सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून एक नस जाते, ती हाडावर अगदी कातडीखाली असते, तिच्यावर दाब आला की अंगठ्याच्या पाठीमागची जाणीव जाते. घट्ट घड्याळाने, घट्ट कड्यानेही हे होते. वार्टेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९३२ साली या दुखण्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. बेडी घातलेल्या कैद्यांत ते पुष्कळदा आढळते. बहुतेकांचे काही आठवड्यांत बरे होते, काहींना महिने लागतात. माझे तीन आठवड्यांत गेले. त्या तीन आठवड्यांत शर्टाचे बटण लावताना मला रोज तात्यांचे मनगट आठवत होते. १९८६ साली त्यांना असे काही झाले होते का, हे आजवर कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

घरी सौ.चे म्हणणे स्पष्ट होते, "ती बेडी भंगारात घाला." माझेही मत जवळजवळ तेच झाले होते. पण मुलगी म्हणाली, "पप्पा, चूक बेडीची नाही, तुम्ही नियम पाळला नाही." यावर काय बोलणार? मग आम्ही तिघांनी बसून नियम ठरविले, आणि ज्यांच्या घरात असे कोणी हौशी असेल त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे देतो.

पहिले काही आठवडे बेडी मनगटात घालायचीच नाही. ती टेबलावर ठेवून उघडायची. आधी किल्लीनेच पन्नास वेळा उघडझाप करायची, म्हणजे खटका कोठे उचलला जातो, किती जोर लागतो ते बोटांना कळते. मग हेअरपिनच्या टोकावरचा प्लॅस्टिकचा गोळा काढून, टोक किल्लीच्या पत्र्याएवढे वाकवून तेच काम तिच्याकडून करून घ्यायचे. जोर लावला तर पिन मोडते आणि तुकडा आत राहतो. आमच्या कन्येने अशा अकरा पिना मोडल्या, सौ.ने त्या मोजल्या आहेत. दुहेरी कुलूप असेल तर दोन पायऱ्या, आधी एका दिशेने फिरवून ते सोडवायचे, मग उलट दिशेने खटका उचलायचा. ही दुसरी पायरी जमायला तिला सोळा दिवस लागले.

हातात घालायची वेळ आली की एकच हात आणि तोही पुढे. हात पाठीमागे बांधलेला माणूस तोल जाऊन पडला तर त्याला तोंड वाचवायलाही हात मिळत नाही. मनगट आणि बेडी यांच्यामध्ये आपले बोट सहज जाईल एवढी जागा ठेवायची आणि दुसरे काहीही करण्याआधी दुहेरी कुलूप घालायचे. बांगडी, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचे. एक किल्ली स्वतःच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली आणि दुसरी समोर बसलेल्या मोठ्या माणसाच्या हातात, खिशात नव्हे, हातात. घड्याळ लावून दहा मिनिटे. जमले तर जमले, नाही तर किल्लीने उघडायचे आणि उद्या पुन्हा. मुंग्या आल्या, गार पडले, बोटांचा रंग बदलला, तर दहा मिनिटांचीही वाट पाहायची नाही. एकट्याने कधी नाही. लहान भावंडांच्या हातात गंमत म्हणूनही घालायची नाही. जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यातल्या बेड्या सर्वांत वाईट, त्यांचा पत्रा कच्चा असतो, खटका आत मोडतो आणि मग खऱ्या किल्लीनेही त्या निघत नाहीत. अशी अडकली तर सुरीने उचकटत बसू नये. हात उंच धरावा आणि बोल्ट कटर असलेल्या वर्कशॉपमध्ये किंवा अग्निशामक दलाकडे जावे, १०१ नंबर आहे.

पाणी, पोते, दोर, बंद पेटी, उंच जागा यांचा या छंदाशी काहीही संबंध नाही हे मी मुलीला सर्वांत आधी सांगितले. १६ जून २०१९ रोजी कोलकात्यात चंचल लाहिरी या जादूगाराने स्वतःला साखळ्यांनी बांधून घेऊन हुगळी नदीत उतरवून घेतले. 'मँड्रेक' नावाने ते खेळ करीत, अनुभवी होते. लोक काठावर टाळ्या वाजवायला उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रेत सापडले. मुलीने ती बातमी कापून त्या बुटाच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटविली आहे. मी सांगितले नव्हते, तिने आपणहून केले.

आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचा प्रश्न. "पोरीला चोरीची विद्या शिकवताय व्हय?" असे एका आजींनी तोंडावर विचारले. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९९७ साली कुलपे उघडण्याचा छंद असलेल्या लोकांनी रीतसर संस्था काढली. त्या मंडळींचा दंडक असा, की जे कुलूप आपल्या मालकीचे आहे किंवा ज्याच्या मालकाने परवानगी दिली आहे तेवढेच उघडायचे. हा दंडक मी आजींना सांगितला, त्यांचे समाधान झाले नाही. असो. कायद्याची बाजू मात्र मुलांना स्वच्छ सांगितली पाहिजे. पोलिसांनी कायदेशीर अटक केली असता त्यातून निसटणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मूळ आरोप खोटा ठरला तरी हा गुन्हा शिल्लक राहू शकतो. बेडी चुकीची घातली असेल तर ती उघडण्याची जागा न्यायालय आहे, हेअरपिन नव्हे.

आणि न्यायालयाने याबाबत काय म्हटले आहे ते आपल्या प्रत्येक घरात माहीत असावे असे मला वाटते. प्रेमशंकर शुक्ल नावाच्या तिहार तुरुंगातल्या एका कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला तार केली, की मनाई असूनही मला न्यायालयात नेताना बेड्या घालतात. त्या तारेवरून १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. सरसकट बेडी घालणे अमानुष आहे, घालायचीच तर त्याचे कारण लिहून ठेवले पाहिजे आणि ते न्यायाधीशाला पटले पाहिजे. त्या निकालातला एक भाग वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्या वेळी पंजाबच्या पोलीस नियमांत 'वरच्या वर्गाचे' कैदी आणि 'सामान्य' कैदी असा भेद होता. पैसेवाल्या, शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसाला सहसा बेडी नाही, गरिबाला मात्र आहे. गरीब तेवढा धोकादायक असे मानणारा हा भेद न्यायालयाने घटनेच्या विरुद्ध ठरविला. बाबासाहेबांच्या घटनेतले कलम १४ आणि कलम २१ येथे उभे राहिले. पुढे पत्रकार कुलदीप नय्यर यांनी आसाममध्ये इस्पितळात खाटेला बेडीने बांधलेले कैदी पाहून न्यायालयाला पत्र लिहिले, त्यावरून १९९५ साली आणखी कडक आदेश निघाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात मात्र बेडी घालण्याचे अधिकार पोलिसांना लिहून दिले आहेत. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ, संघटित गुन्हेगारी अशा प्रकरणांची त्यात यादी आहे. गोदामात माल कमी भरला म्हणून पहिल्यांदाच संशय आलेला हमाल या यादीत बसत नाही.

१९८० आणि १९८६. तात्यांना पेठेतून नेले तेव्हा तो निकाल होऊन सहा वर्षे झाली होती. कोणाला ठाऊक होते? आम्हाला तर नव्हतेच. आमच्या जुन्या माणसांना एवढे मात्र ठाऊक होते की कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना गुन्हा असो वा नसो रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे आणि ती शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली. ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ साल उजाडले.

हा निकाल मी मराठीत चार कागदांवर लिहून काढला आणि एका संध्याकाळी तात्यांना वाचून दाखविला. त्यांनी ऐकून घेतले. "म्हंजी त्येंनी लिवून ठ्येवाय पायजे हुतं," एवढेच म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "बोलीव त्या पोरीला."

मुलगी खोके घेऊन आली. तिने स्वतःच्या हातात बेडी घातली, टोचीने दुहेरी कुलूप केले, किल्ली माझ्या हातात दिली आणि पिन चालवू लागली. साडेतीन मिनिटांत बेडी टेबलावर पडली. तात्यांनी ती प्रथमच उचलली, उलटसुलट करून पाहिली. आतला खटका बोटाने दाबून पाहिला.

"एवढंच असतंय व्हय ह्यात?"

"एवढंच, आजोबा."

"मला घाल."

सौ. नको नको म्हणत राहिली. मुलीने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली. तिने त्यांच्या उजव्या मनगटात बेडी घातली, आत स्वतःचे बोट घालून जागा तपासली, कुलूप केले, किल्लीचा दोरा त्यांच्या गळ्यात घातला, दुसरी किल्ली मुठीत धरली आणि घड्याळ लावले. तात्यांची बोटे पोती ओढून ओढून जाड झालेली, त्या बोटांत हेअरपिन दिसेनाशी होत होती. दहा मिनिटे झाली. मुलीने काही न बोलता किल्लीने बेडी उघडली. "आजोबा, उद्या." तात्या म्हणाले, "उद्या."

रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटे असे चालले. तिसऱ्या दिवशी पिन मोडली. चौथ्या दिवशी दुहेरी कुलूप सुटल्याचा आवाज झाला, पण तेवढ्यात वेळ संपली आणि ते लहान मुलासारखे चिडले. नवव्या दिवशी आम्ही जेवणाची ताटे मांडीत होतो आणि मागे टेबलावर लोखंड पडल्याचा आवाज आला. वळून पाहिले तर तात्या मनगट चोळीत बसले होते.

"किती झाली मिंटं?" त्यांनी विचारले.

"सात, आजोबा."

"सात," ते म्हणाले, आणि जेवायला येऊन बसले. दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर त्यांनी स्वतःच कपाटावरचे खोके खाली काढले आणि नातीपुढे डावा हात धरला.